मी दाराबाहेर होतो

१२ जानेवारी

प्रिय ताईस,

धाकट्याचा सा. नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक. तुमची खुशाली विचारायचं तोंड मी ठेवलेलं नाही, तरी विचारतो. भाऊजींची तब्येत कशी आहे? भाचीची परीक्षा संपली का?

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीतच आहे. तू विचारतेस, जेवलास का? मी म्हणतो, हो. तेवढ्यात पलीकडून भाऊजींचा खोकला ऐकू येतो आणि मला गॅसवरचं दूध नाहीतर दारावरचा कुरियरवाला आठवतो. अकरा महिन्यांत मी तुला इतके कुरियरवाले सांगितले, की एव्हाना आमच्या घरात पाय ठेवायला जागा उरायला नको होती.

बाकी बातम्या म्हणशील तर माझं वजन सात किलो उतरलंय. तुझी भावजय म्हणते, ही पॅन्ट तुझीच आहे की कोणाची मागून आणलीस? तिची शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी पक्की झाली. खालच्या मजल्यावरच्यांनी कुत्रा पाळलाय, तो फक्त माझ्यावर भुंकतो. जनावराला कळतं म्हणतात.

भाचीच्या निबंधाचा फोटो मिळाला. ‘माझा मामा शूर आहे. माझे बाबा गॅसमध्ये अडकले तेव्हा त्याने त्यांना ओढून बाहेर काढले. मोठेपणी मी मामा होणार.’ बाईंनी लाल शाईने ‘छान’ लिहिलंय आणि वेलांट्या दुरुस्त केल्यात. तू विचारलंस, कसा वाटला? मी नुसता अंगठा पाठवला. खरं सांगायचं तर निबंध वाचून मी मोरीत जाऊन ओकलो.

आता एक सांगतो, हसू नकोस. दर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता मी एका बाईंशी बोलतो. फोनवरच, तोंड दिसतं तसं. त्या समुपदेशक आहेत. दुसऱ्या गावी असतात, मी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. त्या उभ्या राहिल्या तर उंच आहेत की बुटक्या, हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

हे सुरू झालं ते एका सुतारामुळे. शेजाऱ्यांकडे दार बसवायचं काम चाललं होतं. दुपारी दोनची वेळ. ठक ठक, ठक ठक. तुझी भावजय शाळेतून आली तेव्हा मी पलंगाखाली होतो. बेचाळीस वर्षांचा बाप्या, ताई! तिने पर्स बाजूला ठेवली, तीही खाली सरकली आणि माझ्या शेजारी आडवी झाली. म्हणाली, “इथे झाडू मारायला हवा.” मग बऱ्याच वेळाने म्हणाली, “हे आपल्या दोघांच्या आवाक्यातलं नाही रे.” चार दिवसांनी तिनेच त्या बाईंचा नंबर आणला.

पहिल्या दिवशी मी अडगळीच्या खोलीत फोन घेऊन बसलो. उलटतपासणीची तयारी केली होती. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्ही बसलात तिथून दार दिसतंय का? पुष्कळांना दार समोर असलं की बरं वाटतं.”

मी म्हटलं, “मला दार दिसलं की त्रास होतो.”

“मग खुर्ची फिरवा. दाराकडे पाठ करा. तुम्हाला ठीक वाटेल तसं बसायचं.”

एवढंच. पण ताई, गॅसच्या त्या दिवसापासून मला ठीक वाटेल तसं बस, असं कोणी म्हटलं नव्हतं. सगळे म्हणायचे, तू तर वाघ आहेस.

त्या म्हणाल्या, काय घडलं ते आज सांगायचं नाही. तोंडावर आलं तरी थोडं थांबू. आधी काठाकाठाने पोहायला शिकू, मग खोलात जाऊ. आणि मध्येच नको वाटलं तर नुसता हात वर करा, मी थांबेन, कारण विचारणार नाही. पहिल्या महिन्यात मी इतक्या वेळा हात वर केला, की त्यांना वाटलं असेल, या माणसाला लहानपणी वर्गात कोणी उत्तर देऊ दिलं नाही.

त्यांनी मला श्वास शिकवला. नाकाने घ्यायचा, मनात चार आकडे. तोंडाने सोडायचा, सहा आकडे, गरम चहावर फुंकर घालतो तसा. एकदा मी सोडत असताना नेट गेलं आणि पडद्यावर बाई ओठांचा चंबू करून तशाच थिजल्या. मला वाटलं, आज लांबवायचाय. मी आपला सोडतोय, सोडतोय, अगदी भोवळ येईपर्यंत. नेट आलं तेव्हा मी भिंतीला टेकलो होतो. त्या दिवशी दोघंही पोट धरून हसलो. मला कितीतरी महिन्यांनी हसू आलं होतं, आणि लगेच वाटलं, तुला कसला हक्क रे हसायचा?

आवाज सुरू झाला आणि काळीज धडधडायला लागलं की टाचा जमिनीत दाबायच्या. मनगटांवर गार पाणी सोडायचं. मग दिसतील त्या पाच वस्तूंची मोठ्याने नावं घ्यायची. रंगाचा डबा. मोडका पंखा. दोरी. बादली. बादलीचं झाकण. मी विचारलं, झाकण वेगळं धरायचं का? त्या म्हणाल्या, धरा की. मग स्वतःला सांगायचं: आज मंगळवार आहे. मी घरी आहे. हा आवाज सुताराचा आहे.

पोरखेळ वाटतो ना? मलाही वाटला. पण झोप लागायला लागली. आणि तिथेच घोळ झाला, कारण धडधड कमी झाली तशी तिच्याखाली दडपलेली लाज वर आली. धडधडीला फुंकर होती. लाजेवर फुंकर चालेना.

सातव्या मंगळवारी मी बाईंना सगळं सांगितलं. आता तुला सांगतो. भाची जवळपास असेल तर तिला बाहेर पाठव.

त्या दिवशी सकाळी कोल्ड स्टोरेजच्या मशीनरूममध्ये भाऊजी आणि मी, दोघंच होतो. मागच्या कोपऱ्यात एक व्हॉल्व्ह गळत होता. भाऊजी तो आवळत होते आणि मी दारापाशी उभा राहून त्यांना पाने-पक्कड देत होतो. अकरा वाजून बावीस मिनिटांनी जोड उडाला. अमोनिया एकदम येतो, ताई. पांढरा, आणि डोळ्यांत तिखट घातल्यासारखा. भोंगा वाजला. मी बाहेर उडी मारली आणि दार ओढून घेतलं.

नियम असाच आहे. बाहेर पडा, दार लावा, मास्क चढवा, आत जा. पहिल्या दोन गोष्टी मी केल्या. मास्क भिंतीला लटकत होता, माझ्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर. त्या दाराचा आतला खटका महिनाभर अडकत होता आणि ते बाहेरूनच उघडावं लागायचं, हे मला ठाऊक होतं. भाऊजी आतून दार ठोठावत होते. माझं नाव घेत होते. मी समोरच्या घड्याळाकडे बघत उभा होतो.

अकरा सव्वीसला पॅकिंगमधल्या मावशी धावत आल्या. ओला टॉवेल तोंडाला बांधलेला. मला म्हणाल्या, “हो बाजूला.” मी बाजूला झालो. त्यांनी दार उघडलं, आत गेल्या आणि भाऊजींना काखेत धरून ओढत बाहेर आणलं. मग मी भाऊजींचे पाय उचलले. बाकीचे लोक आले तेव्हा पाय माझ्या हातात होते आणि मावशी बाहेर नळाखाली डोळे धूत होत्या. जो दिसला तो शूर ठरला.

दवाखान्यात तू माझ्या गळ्यात पडलीस. म्हणालीस, “तू होतास म्हणून हे आहेत.” तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून काय निघालं आठवतं? “अगं, त्यात काय.” दार लावलं त्यापेक्षा मला या तीन शब्दांची जास्त लाज वाटते. दार लावताना विचार करायला सवड नव्हती. हे बोलताना होती.

बाई म्हणाल्या, अशा वेळी शरीर थिजतं, ते आपल्याला विचारून थिजत नाही. मी म्हटलं, दार ओढणारा हातही याच शरीराचा होता. मग म्हणाल्या, “तुमचा दोष नाही असं मी म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही, आणि माफी देणं माझ्या हातात नाही. कोणाला सांगायचं, कधी, किती, ते तुम्ही ठरवा. घाई नाही. सांगितल्यावर तुमच्याजवळ कोण असेल, तेवढं आधी बघू.”

आधी तुझ्या भावजयीला सांगितलं. ती ऐकून भाजी निवडत बसली. भाजी निवडून झाली तरी बसलीच होती. मग म्हणाली, “ताईंना कळायला हवं.” सोमवारी साहेबांना लेखी दिलं. पुढच्या महिन्यात माझा सत्कार होता, तो रद्द झाला. खाली पॅकिंगमध्ये मावशींकडे गेलो. त्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या. मी सगळं बोललो तरी हात थांबला नाही त्यांचा. म्हणाल्या, “मला काय नवीन सांगतोस?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“मला बघितलंस की तू रस्ता बदलायचास. म्हटलं, याची शिक्षा चालू आहे, आपण कशाला मध्ये पडा?” मग म्हणाल्या, “मीही गेटपर्यंत पळालेच होते रे. तिथून परत फिरले. तू नाही फिरलास. एवढाच फरक आहे. पण तो आहे.”

भाऊजींना हे वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

वरची ओळ खोडायला हवी. तुला आत ढकलून मी पुन्हा बाहेर उभा राहतोय. भाऊजींना मीच सांगेन, समोर बसून. तू ये म्हणालीस तर.

माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल.

ज्याच्या गळ्यात तू चुकून पडलीस तो,
धाकटा


२७ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून तसाच मजकूर लिहिते.

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय, काहीबाही रचून लिहितोय. दुसऱ्यांदा त्या ‘हो बाजूला’पाशी थांबले. असलं कोणी रचत नाही. तिसऱ्यांदा फाडायला घेतलं होतं.

अकरा महिने मी येणाऱ्याजाणाऱ्याला तुझं कौतुक सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगितलं. ती सगळी माणसं आता मी कुठे शोधू?

त्या बाई तुला श्वास शिकवतात हे वाचून हसू आलं. चांगलं हसू नाही. माझ्या घरात एक माणूस मोरीपर्यंत जाऊन येतो आणि पाच मिनिटं भिंत धरून उभा राहतो. त्याला कोण शिकवणार?

यांना मी काही सांगितलेलं नाही. तू सांगणार म्हणतोस ना, मग सांग. रविवारी सकाळी दहाला ये. मी पोरीला घेऊन बाहेर जाईन. मला तू समोर नको आहेस.

मावशींचा पत्ता पाठव.

शेवटी ‘ताई’ लिहायचं की नाही याचा विचार करत होते. आहेच, तर काय करू?

ताई


९ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

सा. नमस्कार. मावशींचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. त्या रोज पाचनंतर घरी असतात.

रविवारी काय झालं ते तुला भाऊजींनी सांगितलं असेल, किंवा नसेलही. माझ्याकडून तुला कळायला हवं, म्हणून लिहितो. काही गाळत नाही.

त्यांना उठायला लागू नये म्हणून तू दार नुसतं लोटून गेली होतीस. मी आत आलो. ते खिडकीपाशी होते. खांदे इतके वर आलेत त्यांचे, हे मला फोनवरच्या खोकल्यावरून कळलं नव्हतं. उजवा डोळा दुधाळ झालाय, तेही तू कधी बोलली नाहीस. किंवा बोलली असशील आणि मला कुरियर आलं असेल.

म्हणाले, “अकरा महिन्यांनी वाट सापडली का? बस.” मी उभाच राहिलो. तर म्हणाले, “मान वर करून बोललं की दम लागतो मला. बस खाली.” मग बसलो.

सगळं सांगितलं. न थांबता, खाली बघून. संपल्यावर त्यांनी विचारलं, “मी ठोठावत होतो?”

“हो.”

“मला काहीच आठवत नाही. जोड उडाला तिथपर्यंत आठवतं, मग एकदम दवाखान्याचं छत. पान्याने ठोठावत होतो?”

“नाही. हाताने.”

त्यांनी दोन्ही हात पुढे धरून पाहिले. तळवे, मग मागची बाजू. “किती वेळ?”

“दार चार मिनिटं बंद होतं. ठोठावणं दोनेक मिनिटं असेल. मग थांबलं.”

“थांबलं तेव्हा तुला काय वाटलं?”

माझा हात आपोआप वर गेला. बाईंसमोर जातो तसा. भाऊजी बघतच राहिले. “हात कशाला वर करतोस? शाळेत आहेस?”

मी हात खाली घेतला. ताई, हे तुला पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. बाईंनाही सांगितलं नव्हतं. सगळं सांगितलं असं मी दोघींना म्हटलं, पण एवढं मागे ठेवलं होतं. ठोठावणं थांबलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. भाऊजी गेले असं वाटून नव्हे. त्यांचा विचारच मनात नव्हता. तो आवाज बंद झाला, म्हणून बरं वाटलं.

हे मी भाऊजींना सांगितलं.

त्यांचा श्वास चढला. ओठ निळसर झाले. मी उठलो, ऑक्सिजनच्या मशीनची नळी त्यांच्या हातात दिली आणि सवयीने बोलून गेलो, “सावकाश सोडा. फुंकर घालतो तसा.”

त्यांनी नळी नाकापासून बाजूला धरली. “मला श्वास शिकवतोस? तू?”

मी मागे सरलो. पाय दाराकडे वळले होते, खोटं कशाला बोलू? तेच सगळं पुन्हा आलं. मी टाचा दाबल्या. आज रविवार आहे. मी ताईच्या घरी आहे. औषधांचा खोका. भाचीची चप्पल. उन्हात वाळत घातलेला टॉवेल. तांब्या. भाऊजी. पाचवी वस्तू म्हणून भाऊजीच दिसले. मी तिथेच थांबलो. त्यात काही मोठं नाही, घरात काही गॅस नव्हता. पण थांबलो, आणि ते तुला ठाऊक असावं असं वाटतं.

भाऊजींनी नळी परत नाकाला लावली. पाऊण तास तरी आम्ही तसेच बसलो असू. त्यांचा रंग परत आला. मग म्हणाले, “तुला कामाला लावलं तेव्हा तुझ्या ताईला शब्द दिला होता, याला सांभाळीन म्हणून. तू आत असतास आणि मी बाहेर, तर मी आलो असतो.”

“आला असतात,” मी म्हटलं. मला त्यात शंका नाही.

“मग तू का नाही आलास?”

“माहीत नाही, भाऊजी. खूप शोधलं. सापडत नाही.”

“शोधत राहा,” ते म्हणाले. हे त्यांनी रागाने म्हटलं की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

निघताना वाटलं, आता परत येऊ नकोस म्हणतील. तर म्हणाले, “पुढच्या रविवारी ये. मला आणखी विचारायचंय, पण सगळं एकदम झेपणार नाही. तुझं तोंड बघायची इच्छा नाही, खरं सांगतो. पण दुसऱ्या कोणाला विचारू? माझी ती चार मिनिटं फक्त तुझ्याकडे आहेत.”

मग त्यांनी बाईंचा नंबर मागितला. त्यांना दिवसाढवळ्या भोंगा ऐकू येतो म्हणे, तू स्वयंपाकघरात असलीस तरी, सगळं शांत असलं तरी. तुला घाबरवायचं नाही म्हणून ते बोलले नव्हते. हे तुला कळवू का, असं मी विचारलं. म्हणाले, “कळव. मला सांगताना तिचा चेहरा बघवणार नाही.” बाईंना मी विचारलं. आमच्या घरातलंच माणूस म्हणून त्या स्वतः भाऊजींना घेणार नाहीत, पण ओळखीतल्या एका चांगल्या समुपदेशकांचा नंबर त्यांनी दिलाय. तोही मागच्या बाजूला आहे. भाऊजींनी कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं. ते नुसते ऐकत बसले तरी चालतं.

मंगळवारी बाईंना ‘सुटल्यासारखं वाटलं’ ते सांगितलं. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, “हे इतके दिवस एकट्याने धरून होतात.” मग मी रडलो, आणि या वेळी मध्येच हात वर केला नाही.

मशीनरूममधून मला काढलंय. आता गाड्या भरतो. काम अंगमोडीचं आहे, पण दारं सगळी उघडी असतात. आतल्या खटक्याची तक्रार मी आत्ता कुठे लेखी दिली, तो बदलला. अकरा महिन्यांपूर्वीही कागद-पेन होतंच माझ्याकडे.

निबंधाचं काय करायचं ते मला सुचत नाही. भाचीने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण तिला कधी सांगायचं ते तुझ्याशिवाय ठरवणार नाही.

दर रविवारी दहाला येईन. तू बाहेर जात जा, माझ्यामुळे घरात थांबू नकोस. तू एकदा थांबलीस तर जे बोलायचं ते बोल, मारलंस तरी चालेल. मी उठून जाणार नाही.

उत्तराची वाट बघतो असं लिहायची सवय आहे. लिहीत नाही.

तुझा म्हणवून घ्यायला अजून धजत नाही असा,
पण दुसऱ्या कोणाचा नसलेला,
धाकटा